मिरज ते सॅन फ्रान्सिस्को, न उठता

"उपमा घेणार की उपमा?" वृंदाने विचारलं.

तिने गळ्याला पिवळा रुमाल बांधला होता आणि चेहऱ्यावर परक्या माणसांसाठी ठेवलेलं हसू आणलं होतं. सकाळचे सहाही वाजले नव्हते. मिरजेच्या आमच्या घरातल्या हॉलमध्ये तीन जोडखुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या मधल्या खुर्चीत मी बसलो होतो. कमरेला पलंगाच्या नवारीचा पट्टा आवळलेला, समोर गुडघ्यांना टेकेल इतक्या जवळ चपलांचं कपाट. उजव्या हाताला माझी थोरली बहीण, अक्का. डाव्या हाताला, खिडकीशी, शेजारचे आण्णा आरवाडे. ते पहाटे फिरून येताना आमच्याकडे दिवा दिसला म्हणून डोकावले होते आणि त्यांना कुणी काही समजावून सांगायच्या आत वृंदाने त्यांना पट्टा बांधला होता.

"दुसरं काय काय आहे?" आण्णांनी विचारलं.

"दुसराही उपमाच आहे, आण्णा."

"मग तो दे."

या गोष्टीला आता नऊ वर्षं होऊन गेली. ती मला सांगता येईल की नाही, याची शंका आहे. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि घेतली. गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण त्या दिवशी आम्ही हॉलमध्ये विमान का काढलं होतं, एवढं तरी सांगायलाच हवं.

अक्काची मुलगी मंजिरी सॅन फ्रान्सिस्कोला असते. लग्न करणार नाही असं तिने इतकी वर्षं सांगितलं की आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं. आणि मग चाळिशी उलटल्यावर एका रविवारी तिने फोनवर सांगितलं, सुब्रत नावाचा बंगाली गृहस्थ आहे, जूनमध्ये लग्न, मराठी पद्धतीने. अक्काने फोन माझ्या हातात दिला आणि ती तडक स्वयंपाकघरात जाऊन लाडवांसाठी रवा भाजायला लागली. लग्नाला अडीच महिने होते.

मंजिरीने मला एकच गोष्ट सांगितली. भटजी म्हणणार, मुलीच्या मामाने मुलीला मांडवात आणावं. "मामा, तू येणार नसशील तर मी एकटी चालत येईन. भाड्याचा मामा मला नको."

मी म्हटलं, न्यूजर्सीचा आपला प्रभाकर आहे की, तोही नात्याने मामाच. माझं हे गुडघ्यांचं, प्रवास झेपायचा नाही, सोळा तास एका जागी बसायचं म्हणजे. ती बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती चिडली असती तर मला हलकं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर व्हिसाही माझ्याकडे होता. आदल्या वर्षी अक्काबरोबर सोबत म्हणून मुंबईला गेलो होतो, तेव्हा मंजिरीने माझाही अर्ज भरला होता. मला वाटलं होतं, मला नाकारतील, म्हणजे कायमचा सुटलो. काचेपलीकडच्या गोऱ्या बाईने विचारलं, तुम्ही काय करायचात? मी म्हटलं, पुस्तकं सांभाळायचो. ती हसली आणि तिने शिक्का मारला. माझं नशीब हे असं.

गुडघे हे निमित्त होतं. मी मिरजेच्या बाहेर फारसा गेलोच नाही. अनोळखी माणूस बोलायला लागला की मी पुस्तकात डोकं घालतो. नकाशातलं जग मला आवडायचं, कारण तिथे कुणी समोर येऊन "कसे आहात?" म्हणून विचारत नाही. मंजिरी लहान असताना माझ्या टेबलावर शाळेतल्यासारखा छोटा पृथ्वीचा गोल होता. ती एका गावावर बोट ठेवायची, मग दुसऱ्या टोकाच्या एखाद्या गावावर, आणि विचारायची, "मामा, किती लांब?" आम्ही तांबड्या लोकरीचा धागा ताणून लावायचो आणि मग तो धागा पट्टीवर मोजायचो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को बरोबर एक वीत भरायचं. त्यावर ती म्हणायची, एवढंच?

असो. मी नाही म्हटल्यावर प्रश्न राहिला अक्काचा. तिने जाहीर केलं की मी एकटी जाणार. तिचा मुलगा हेमंत, वृंदाचा नवरा, दातांचा डॉक्टर; त्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आई, तू आधी पाव तास एका जागी बसून दाखव, मग बोलू."

यात तो काही खोटं बोलत नव्हता. अक्का बसत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत मधेच उठून ती प्रसाद ढवळून येते. लोकांच्या घरी गेली तर त्यांची भांडी घासून येते. स्वतःच्या लग्नात ती पंगतीत वाढायला उठली होती, असं आमची आई सांगायची.

"बसेन की," अक्का म्हणाली. "हॉलमध्ये खुर्ची टाक. जितके तास विमान, तितके तास बसते. बसले तर तिकीट काढायचं. दामूला शेजारी बसव, तो लबाडी करणार नाही." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

हेमंतने अट घातली. दोघांनीही बसायचं. विमानात शेजारचा माणूस उठून घरी जात नाही. बाथरूमला जायची मुभा, पण एरवी जो उठेल त्याने विमान मोडलं असं धरायचं. मी हो म्हटलं. मी मंजिरीच्या लग्नाला जाणार नव्हतो. निदान तिची आई तरी जावी, यासाठी एक दिवस बसायला काय हरकत होती?

शनिवारी संध्याकाळी हेमंतच्या दवाखान्यातल्या जोडखुर्च्या टेम्पोतून आल्या आणि रविवारी पहाटे पाचला आमचं विमान सुटलं. रात्री नऊला उतरायचं होतं.

उपमा संपल्यावर अक्का चुळबुळ करायला लागली. तिने चपलांच्या कपाटावरची धूळ पदराने पुसली. माझ्या शर्टाचं बटण तपासलं. थोड्या वेळाने म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात, जरा बाथरूमला जाऊन येते. पट्टा सोडला आणि जाताना माझा पट्टा ओढून गाठ घट्ट करून गेली.

ती आली नाही. मी वृंदाला विचारलं.

"आईंना मागची सीट दिलीय," वृंदा अगदी हळू, विमानातल्यासारखं बोलली. "मागच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसल्यात. तिथं पाय पसरायला जागा आहे. कंपनीच्या नियमात बसतं."

"बसल्यात ना पण?"

"बसल्यात. म्हणाल्या, दामूला सांग, तो उठला तर माझं तिकीट गेलं."

म्हणजे माझ्यावर येऊन पडलं. मी सरळ बसलो.

आण्णा आरवाड्यांना मात्र आपण कुठे चाललोय हे अजून कळलं नव्हतं. मी सांगितल्यावर ते खूश झाले. त्यांची हळदीची अडत होती, ती मुलाकडे गेल्यापासून त्यांना वेळ भरपूर होता. त्यांनी खिडकीबाहेर आमच्या पेरूच्या झाडाकडे पाहून विचारलं, "अमेरिका पश्चिमेला. म्हणजे आता अरबी समुद्र लागला असेल?"

मी म्हटलं, नाही, आपण उत्तरेला चाललोय.

"वर कशाला?"

मला उठता येत नव्हतं म्हणून वृंदाने माझ्या खोलीतून गोल आणून दिला, आणि मंजिरीचा धागा त्याच्याच स्टँडला गुंडाळलेला होता. मी धागा ताणून दाखवला. मुंबईवरून तो सरळ वर काश्मीरकडे गेला, चीनचं एक टोक, मग सगळा सैबेरिया, मग ध्रुवाच्या कडेने बर्फाचा समुद्र आणि पलीकडून अलास्का, कॅनडा असा खाली. साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. याहून जवळची वाट नाही. आण्णांनी धाग्यावरून बोट फिरवलं. त्यांची खात्री पटली, पण ती पटल्यावर त्यांना निराळीच काळजी लागली.

"देशिंगकर सर, मग सूर्यास्त कुठल्या गावचा धरायचा?"

मला आधी कळलं नाही. आण्णा जैन; सूर्य बुडाल्यावर अन्न घेत नाहीत. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. त्यांचा प्रश्न अगदी खरा होता: गाव खालून पळत असताना माणसाने रात्र केव्हा झाली म्हणायचं?

कुणीतरी मला असा प्रश्न विचारायला वर्षं लोटली होती. मी गोल मांडीवर घेतला. घड्याळ पाहिलं, दर तासाला धाग्यावर एक खूण केली, जून महिन्यातला सूर्य कुठे असेल ते बोटांनी मोजलं. चुकलो तर आण्णांचा नेम मोडेल म्हणून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग मी म्हटलं, "आण्णा, चमत्कारिक आहे. मला वाटतं, आपल्या विमानाला सूर्यास्तच नाही."

"म्हणजे?"

"पहाटे निघालो. संध्याकाळ व्हायच्या आत आपण इतके उत्तरेला जातो, की तिथे जूनमध्ये सूर्य बुडतच नाही. नुसता क्षितिजाला घासून जातो. आणि आपण पलीकडून खाली येतो, तेव्हा तिकडे सकाळ होत असते. उतरायचं म्हणजे तिथल्या घड्याळात सकाळचे साडेआठ. त्याच तारखेचे."

आण्णांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, "सोळा तास प्रवास केला आणि खर्च साडेतीनच झाले. ही अडत चांगली आहे."

हे वृंदाने ऐकलं आणि ती ते घेऊन बाहेर गेली. तिच्या भिशीच्या बायका दहाच्या सुमारास येऊन गेल्या, खरं म्हणजे बघायलाच आल्या. आम्ही दोन म्हातारे चपलांच्या कपाटासमोर बांधून ठेवलेले पाहून त्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यातल्या एकीने विचारलं, आता कुठं आलं विमान? मी गोलात डोकं घातलं. आण्णांनी मला कोपर मारलं. "सांगा की सर. सैबेरिया आला का नाही?"

मी सांगितलं. आधी गोलाकडे बघून, पुटपुटत. खाली नुसतं जंगल आहे, म्हटलं, शेकडो कोस एक दिवा दिसणार नाही. त्या उत्तरेला वाहत जाणाऱ्या नद्या, उगमाकडे बर्फ वितळतो पण मुखाशी गोठलेलाच असतो, म्हणून पाणी रानोमाळ पसरतं. बायका हसायच्या थांबल्या. एकजण खाली सतरंजीवर बसली. दुसरीने विचारलं, तिथली माणसं भाजी कुठली खातात? ते मला माहीत होतं. का कोण जाणे, पण माहीत होतं.

दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला. वृंदा लगबगीने आली आणि हवा खराब आहे, पट्टे बांधून घ्या, असं सांगून तिने आमच्या खुर्च्या मागून धरून हलवल्या. आण्णांनी डोळे मिटून णमोकार म्हटला. जेवण झाल्यावर ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. त्यांच्या डोक्याला माक्याच्या तेलाचा वास होता आणि ते घोरत होते, आणि मला हलता येईना.

तेव्हा मला उठावंसं वाटलं. गुडघे आतून कुणी पिळत असल्यासारखे दुखत होते. दोनदा बाथरूमला जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा जावं आणि तिथूनच माझ्या खोलीत, पलंगावर. कोण काय म्हणणार होतं? पण मागच्या खोलीत अक्का बसली होती. जी बाई आयुष्यात बसली नाही, ती लेकीसाठी वेताच्या खुर्चीत गुपचूप बसली होती. मी वृंदाला खुणेने बोलावून विचारलं, अक्का कशी आहे?

ती मागे जाऊन आली. "आई विचारतायत, दामू कसा आहे?"

"बरा आहे म्हणावं."

"त्याही बऱ्या आहेत."

मी बसलो. संध्याकाळी सहाला अलास्का मागे पडला. हॉलमध्ये तोवर गल्लीतली आठ-दहा माणसं जमली होती, आणि मी बोलतच होतो.  सातच्या सुमारास वृंदाने ताटल्यांतून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली. खिडकीबाहेर पेरूचं झाड काळं पडत चाललं होतं.

सगळे आण्णांकडे बघायला लागले. आण्णांनी ताटलीकडे पाहिलं, मग गोलाकडे.

"सर, विमानात आता काय आहे?"

"नुकतंच उजाडलंय, आण्णा. कॅनडाचा किनारा."

फाटकातून त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, आवाज आला. घरी यायचंय का नाही, दिवस बुडाला.

"मी विमानात आहे," आण्णा म्हणाले.

"मग उतरा."

हॉलभर हसू फुटलं. आण्णांनी ताटली वृंदाच्या हातात परत दिली आणि पट्टा सोडला. "विमान तुमचं, सर. पोट माझं मिरजेचं आहे." उठताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही मात्र बसा. तुमचं उतरायचं गाव अजून यायचंय."

नऊ वाजले. हेमंतने घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि विमान उतरल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, जा, आधी अक्काला सोडव.

अक्का आली ती मागच्या खोलीतून नव्हे. पुढच्या दाराने आली, पायात चप्पल, केसात मोगऱ्याचा गजरा, हातात आरवाड्यांच्याकडचा स्टीलचा डबा.

"तू कुठं होतीस?"

"सुमनकडे. सांडगे घातले, पापड लाटले. दुपारी देवळात जाऊन आले. मग थोडा वेळ तिच्या ओट्यावरनं तुमच्या खिडकीत बघत होते." तिने डबा कपाटावर ठेवला. "मला कुठं बसवतंय सोळा तास? काहीतरीच."

मी हेमंतकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. वृंदा गळ्यातला रुमाल सोडत होती आणि तिचं हसू आता परक्या माणसासाठी ठेवलेलं नव्हतं.

"मग तुझं तिकीट?" मी म्हटलं.

"काढलंय की. मागच्याच महिन्यात." अक्का माझ्यासमोर वाकली आणि नवारीची गाठ सोडायला लागली. ती तिनेच इतकी घट्ट मारली होती की तिलाच सुटेना. "दोन काढलीत. खिडकी तुला. मला कडेची, मी उठणार."

मी काहीतरी म्हणालो. गुडघे म्हणालो असेन.

"सोळा तास बसलास."

"पण तिथे अनोळखी माणसं असतात, अक्का. त्यांच्याशी बोलायचं काय?"

गल्लीतली माणसं अजून गेली नव्हती. भिशीतली ती बाई सतरंजीवरच होती.  अक्काने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा गाठीत नखं घातली.

"आण्णांना कुणी शिकवून बसवलं होतं?" मी शेवटी विचारलं.

"छे," अक्का म्हणाली. "त्यांचं खरंच होतं."

जूनमध्ये आम्ही गेलो. विमान पहाटेचं नव्हतं, त्यामुळे माझा सूर्याचा हिशोब थोडा बिघडला. तो क्षणभर बुडाला आणि पुन्हा आला. अक्का बर्फाच्या समुद्रावरून जाताना डबा घेऊन रांगेरांगेतून लाडू वाटत होती आणि खरी हवाई सुंदरी तिच्या मागून, मॅडम, प्लीज, म्हणत चालली होती. मधल्या खुर्चीतल्या सरदारजींनी मला विचारलं, हे खाली पांढरं काय आहे? मी सांगितलं. उतरेपर्यंत सांगत होतो.

लग्न एका मोठ्या बागेतल्या हॉलमध्ये होतं. भटजी एरवी संगणकात काम करणारे. त्यांनी मंगलाष्टकांआधी कागदात बघून मोठ्याने म्हटलं, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं. मी आतल्या खोलीच्या दाराशी उभा होतो. समोर दोन्हीकडे खुर्च्यांच्या रांगा, एवढ्या सगळ्या अनोळखी माना आमच्याकडे वळलेल्या. मी दाराची चौकट धरली.

मंजिरीने माझा दंड धरला. केसांत पांढऱ्या बटा, त्यांवर मुंडावळ्या. ती समोर बघतच हळू म्हणाली, "मामा, किती लांब?"

"वीतभर," मी म्हणालो.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.

पहिल्या रांगेत नवरीच्या आईची खुर्ची होती. तिला फुलांची माळ लावली होती आणि ती रिकामी होती. मागून, स्वयंपाकघराकडून, रवा भाजल्याचा वास येत होता.